पुस्तके नसलेली लायब्ररी

‘सध्या आम्ही एक लायब्ररी बांधतो आहोत,’ असे एका रविवारी सहज बोलून गेलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचे निवृत्त मास्तर जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे घेऊन आमच्या ओटीवर हजर झाले. गठ्ठे सुतळीने नीट बांधलेले होते. “कपाट आहे का?” त्यांनी विचारले. “नसेल तर शाळेतले एक जुने मिळवून देतो. वाळवी लागलेली नाही.” आता या सज्जन माणसाला काय सांगावे? आमच्या लायब्ररीत एकही पुस्तक असणार नव्हते, तिला कपाट नको होते, आणि तिचा सभासद होण्यास कोणीही मनुष्य पात्र नव्हता. आम्ही चहा मागवला आणि जमेल तसे समजावून सांगितले. मास्तरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, गठ्ठे तसेच ठेवले आणि जाताना म्हणाले, “असू द्या. पुस्तके नसलेल्या लायब्ररीत दोन गठ्ठे जड होणार नाहीत.”

वाचकांपैकी काहींची स्थिती मास्तरांसारखीच असेल, म्हणून आधी हा शब्द उलगडणे बरे. संगणकाच्या जगात लायब्ररी म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संच. एखादे काम पुन्हा पुन्हा करावे लागत असेल, तर ते एकदाच नीट लिहून ठेवायचे आणि पुढे ज्याला हवे त्याने ते उसने घ्यायचे. आमच्या लायब्ररीचे काम एवढेच होते, की अनेकांनी मिळून खेळायच्या संगणकीय खेळांचे जे सर्व्हर असतात त्यांच्याशी बोलायचे, त्यांना ‘आत किती जण आहेत, कोण कोण आहेत’ असे विचारायचे आणि आलेले उत्तर विचारणाऱ्याच्या हाती द्यायचे. असे काम करणाऱ्या आज्ञावल्या जगात पूर्वीपासून आहेत. ‘क्यूस्टॅट’ हे त्यांतले एक जुने नाव, ‘गेमडिग’ हे अलीकडचे. मग आम्ही नव्याने कशासाठी लिहावी? आयुष्याची बरीच वर्षे संगणकापुढे गेली, परंतु ती सारी दुसऱ्यांच्या हिशोबात गेली. एक वस्तू घरच्या माणसांसाठी करावी, असे मनात होते.

आणि निमित्तही घरचेच होते. आमच्या दोन्ही बहिणींची मुले आणि आमची स्वतःची, अशी सहा भावंडे आहेत. मे महिन्याची सुटी लागली की वसईच्या आमच्या घरी ती सारी जमत. विहिरीच्या कठड्यावर बसू नका, हे वाक्य आमच्या आईने किती वेळा उच्चारले असेल त्याची गणती नाही. पुढे मुले मोठी झाली आणि पांगली. कोणी पुण्याला, कोणी दुबईला, दोघे कॅनडात, एक नागपुरात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि येणेजाणेही थांबले. तेव्हा या मुलांनी एक युक्ती केली. व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनावर चालणारा, वस्तू रचायचा एक खेळ त्यांनी निवडला, परदेशातील एक यंत्र महिन्याच्या भाड्याने घेतले, आणि दर रविवारी रात्री तेथे जमू लागली. आपल्या सर्व्हरला त्यांनी नाव दिले ‘आजोळ’. ते नाव प्रथम वाचले तेव्हा आम्ही थोडा वेळ काहीच बोललो नाही. त्यांनी तेथे आमची ओटी रचली होती आणि विहीरही खोदली होती. कठड्यावर अर्थातच सगळे बसत.

आत कोण आहे हे प्रत्येकाला आपल्या फोनवर दिसावे, असा एक लहानसा फलक आम्ही करून द्यावा, असे ठरले. म्हणजे ओटीवर दिवा आहे की नाही हे लांबून पाहण्यासारखे. त्या फलकासाठी ही लायब्ररी.

सर्व्हरशी बोलायचे म्हणजे त्याची रीत शिकावी लागते. हे संभाषण बहुधा ‘यूडीपी’ नावाच्या पद्धतीने चालते. जॉन पोस्टेल यांनी २८ ऑगस्ट १९८० रोजी लिहिलेला तिचा मसुदा अवघ्या तीन पानांचा आहे. पद्धत साध्या पोस्टकार्डाची. पत्ता लिहिला, पेटीत टाकले, संपले. पोचपावती नाही. कार्ड हरवले तर कळवणारा कोणी नाही, आणि दोन कार्डे उलट्या क्रमाने पोहोचली तरी तक्रारीस जागा नाही. रजिस्टर पत्रासारखी पावती देणारी दुसरी पद्धत आहे, परंतु धावत्या खेळात पावत्यांची वाट पाहण्यास सवड नसते. क्षणापूर्वीची बातमी हरवली तर हरवू द्यावी, ताजी बातमी मागून येतच असते. म्हणून वेगाच्या खेळांनी पोस्टकार्ड पत्करले.

‘क्वेक’ या खेळाच्या ‘क्वेकवर्ल्ड’ या १९९६ सालच्या आवृत्तीने एक संकेत घातला होता. जे कार्ड चालू खेळापैकी नसेल, केवळ चौकशीचे असेल, त्याच्या आरंभी २५५ हा आकडा चार वेळा लिहावा. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, म्हणजे हा सर्वांत मोठा आकडा चार वेळा. जणू दारावर चार थापा. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’चे इंजिन क्वेकच्याच इंजिनावरून बेतलेले होते, त्यामुळे त्या चार थापा वंशपरंपरेने पुढे चालत आल्या. आमच्या मुलांचा सर्व्हरही त्याच कुळातला. त्याला करायचा प्रश्न नेमका २५ बाइटांचा. चार थापा, मग ‘टी’ हे अक्षर, मग ठरलेले तीन इंग्रजी शब्द आणि शेवटी एक शून्य. उत्तरादाखल चार थापा आणि ‘आय’ हे अक्षर येते. त्यामागून सर्व्हरचे नाव, नकाशाचे नाव, खेळाचे नाव, आत किती जण आहेत, जास्तीत जास्त किती मावतील, अशी माहिती ओळीने येते. मध्ये स्वल्पविराम नाही की रकाने नाहीत. कोणता बाइट कशाचा, हे वाचणाऱ्याने मोजत जायचे. एक बाइट चुकला की पुढचे सारे चुकले.

या वाचनात आम्हांस दोन ठिकाणी ठेच लागली. दोन बाइटांची संख्या येथे उलटी येते, लहान भाग आधी आणि मोठा मागून. या खेळांच्या दाराचा नेहमीचा क्रमांक २७०१५. तो येतो १३५ आणि १०५ असा. १०५ ला २५६ ने गुणून त्यात १३५ मिळवले की २७०१५ होतात. उलट वाचले तर ३४६६५, म्हणजे भलतेच दार. कोणते टोक आधी यावरून संगणकवाल्यांत एके काळी इतके वाद झाले, की १९८० साली डॅनी कोहेन यांनी त्यांची तुलना ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधील अंडे कोणत्या टोकाने फोडावे या लढाईशी केली आणि तेथूनच त्या दोन पक्षांना नावे पडली. आम्हांला मात्र ही रीत परकी वाटली नाही. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतात आणि वीस मागून. इंग्रजी शाळेतील मुले मराठी आकडे ऐकून लिहिताना जी गफलत करतात, तीच आमच्या आज्ञावलीने केली होती.

दुसरी ठेच नावाची. ‘आजोळ’ या चिमुकल्या शब्दास यंत्राच्या लेखी चार खुणा लागतात आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. असे बारा बाइट झाले. आम्ही ते रोमन समजून एकेक वाचले आणि फलकावर विचित्र चिन्हांची एक रांग उमटली. दुबईच्या भाचीने लगेच कळवले, “मामा, आजोळ ओळखू येत नाही.” ती चूक त्याच रात्री दुरुस्त झाली. चूक डोळ्यांना दिसली की दुरुस्त होते. जी दिसत नाही तिची गोष्ट वेगळी.

ती आम्ही मोठ्या हौसेने करून ठेवली होती. प्रश्न पाठवावा, एक सेकंद वाट पाहावी, उत्तर आले तर संख्या द्यावी. आणि न आले तर? किंवा आले पण समजले नाही तर? वापरणाऱ्याला कटकट नको, त्याला नेहमी एक स्वच्छ आकडा मिळावा, असा विचार करून आम्ही तेथे एक ओळ लिहिली. काही अडचण आली तर उत्तर ० द्यावे. सर्व्हर बंद असेल तर आत कोणी नसणारच, मग शून्य म्हणण्यात खोटे ते काय? ही ओळ लिहिताना आम्ही स्वतःवर खूश होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

२०२० च्या ऑगस्टमध्ये आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान वारले. त्यांचा मुलगा नागपूरला शिकत होता. अंत्यविधीस मोजकीच माणसे जाऊ शकली. त्यानंतर तो मुलगा फारसा बोलेनासा झाला. भावंडांनी त्याला रविवारी बोलावले. तो ‘येतो’ म्हणाला, पण आला नाही. त्याचा स्वभाव मुळातच असा, की भरल्या घरात शिरण्यापूर्वी दाराशी क्षणभर थांबायचे. तो फोनवर फलक पाही, आत कोण आहे ते बघे आणि काही आठवड्यांनी मग हळूच येऊन बसू लागला. फार बोलत नसे, पण येई. बहिणीने तेवढ्यावर समाधान मानले होते.

नाताळ तोंडावर आला. कोणी घरी येणार नव्हते, म्हणून मुलांनी आजोळच्या ओटीवर कंदील टांगायचे ठरवले. आणि याच सुमारास हा नागपूरचा भाचा येईनासा झाला. इतरांना वाटले, सणाचे दिवस, बापाची आठवण येत असेल, त्याला त्रास देऊ नये. आम्हांलाही तसेच वाटले. कोणी त्याला विचारले नाही, आणि न विचारण्याला आम्ही सर्वांनी समजूतदारपणा असे नाव दिले.

जानेवारीत बहिणीचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “दादा, मुलं रविवारी जमायची ती बंद झाली का रे?”

“नाही तर. परवाच पाचही जणं होती.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “हा तर म्हणतो, चार रविवार झाले, तिथे कोणी नसतं. शून्य दिसतं म्हणतो. सगळे कंटाळले असतील, आपल्यालाच कळवायचं राहिलं असेल, असं म्हणून झोपून जातो.”

इतर पाच जण एकमेकांना निरोप देऊन थेट आत जात. फलक पाहण्याची गरज त्यांना नव्हती. ती ज्या एकाला होती, त्यालाच फलकाने चार रविवार सांगितले की आत कोणी नाही. पाच जण त्याची वाट पाहत कठड्यावर बसले होते आणि तो बाहेर उभा राहून परत जात होता. त्याला वाटे, यांनी आपल्याला वगळले. त्यांना वाटे, त्याला आपण नकोत. दोन्हीकडच्या मौनाच्या मध्ये आमचे एक शून्य उभे होते.

त्या रात्री आम्ही स्वतः सर्व्हरला प्रश्न पाठवून आलेले उत्तर बाइट बाइट पाहिले. उत्तर येत होते. सर्व्हर मुळीच गप्प नव्हता. फक्त ते अवघ्या ९ बाइटांचे होते. चार थापा, ‘ए’ हे अक्षर आणि चार बाइटांचा एक आकडा. डिसेंबर २०२० पासून व्हॉल्व्हने आपली रीत बदलली होती आणि ते बदल जाहीरही केले होते. आम्ही वाचले नव्हते.

बदलाचे कारण योग्यच होते. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणीही खोटा लिहू शकतो. प्रश्न २५ बाइटांचा आणि उत्तर त्याच्या कित्येक पट. तेव्हा दुष्ट माणसे भलत्याच कोणाचा तरी पत्ता घालून हजारो सर्व्हरांना प्रश्न पाठवत आणि त्या निरपराध माणसाच्या दारात उत्तरांचा लोंढा येऊन पडे. म्हणून सर्व्हर आता एकदम उत्तर देत नाही. तो आधी एक आकडा पाठवतो आणि म्हणतो, हा आकडा जोडून पुन्हा विचार. ज्याचा पत्ता खरा असेल त्यालाच तो आकडा मिळेल, आणि ९ बाइटांच्या कार्डाने कोणाचे दार बुजणार नाही. नवा प्रश्न २९ बाइटांचा, बाकी उत्तर पूर्वीचेच. म्हणजे सर्व्हर आमच्या आज्ञावलीला विचारत होता, ‘आपण कोण?’ आणि आमची आज्ञावली ते न समजून फलकाला सांगत होती, ‘आत कोणी नाही.’

पोस्टेल यांच्याच नावाने ओळखले जाणारे एक तत्त्व संगणकवाल्यांत आदराने सांगितले जाते. आपण पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. आम्ही त्या उदारपणाचा सोयीस्कर अर्थ घेतला होता. दुसऱ्याचे बोलणे अडखळते असले तरी ऐकून घेणे हा उदारपणा. त्याचे बोलणे कळले नाही म्हणून त्याच्या वतीने आपणच उत्तर देऊन टाकणे, हा उद्धटपणा. शून्य हे उत्तर आहे. कोणीतरी आत डोकावून, मोजून, ‘कोणी नाही’ असे सांगितले तरच ते खरे. उत्तर न मिळणे हे शून्य नव्हे.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा हे सारे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी विचारले, “हजेरी घेताना मी काय करत असे, माहीत आहे? नाव पुकारले आणि ‘हजर’ ऐकू आले नाही, तर लगेच गैरहजेरी मांडत नसे. मान वर करून बाकाकडे पाहत असे. पुष्कळदा पोर तिथेच बसलेले असायचे. कधी घसा बसलेला असे, कधी घरी काही झालेले असे.” आमच्या तीन महिन्यांच्या खटपटीचा गाभा त्यांनी हजेरीपटावरून सांगून टाकला.

मग आम्ही लायब्ररी पुन्हा लिहायला घेतली. आता ती तीन प्रकारची उत्तरे देते. एक, सर्व्हर बोलला आणि संख्या अमुक. दोन, सर्व्हर बोलला पण आम्हांला कळले नाही, हे घ्या त्याचे मूळ शब्द. तीन, काहीच ऐकू आले नाही. तिसऱ्या उत्तरापर्यंत येण्यापूर्वी ती तीन वेळा विचारते आणि दर वेळी अधिक थांबते, कारण कार्ड वाटेतही हरवलेले असू शकते. लांबलचक उत्तर तुकड्यांनी आले, तर तुकडे मोजून क्रमाने लावते आणि एखादा राहिला असेल तर उरलेल्यांवर अंदाज बांधत नाही. वापरणाऱ्याला आता तीन शक्यतांचा विचार करावा लागतो. पूर्वीसारखे स्वच्छ, सोपे उत्तर मिळत नाही, अशी तक्रार कोणी केली तर ती आम्ही मान्य करू. ते सोपे उत्तर काय करते हे आम्ही पाहिले आहे.

भाच्याला फोन केला. चूक कोणाची हे सांगितले, इंजिनाची नव्हे, कंपनीची नव्हे, भावंडांची तर नव्हेच, मामाची. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे ते होते?”

“दर रविवारी. पाचही जणं.”

यावर तो काही बोलला नाही. फोन मात्र बराच वेळ ठेवला नाही. आम्हीही ठेवला नाही. काहीच ऐकू न येणे म्हणजे पलीकडे कोणी नसणे नव्हे, हे नुकतेच शिकलो होतो.

त्या रविवारी रात्री आम्ही फलक उघडून बसलो. सर्व्हरला आत असलेल्यांची नावेही विचारता येतात. तो प्रत्येकाचे नाव देतो आणि येऊन किती सेकंद झाले तेही सांगतो. साडेनऊला पाच नावे होती. दहाला पाचच. दहा वाजून काही मिनिटांनी आकडा ६ झाला, परंतु नावे पाचच दिसत होती आणि त्यांच्याखाली एक ओळ कोरी होती.

पूर्वीची आमची आज्ञावली असती, तर कोरे नाव म्हणजे कचरा असे समजून तिने ती ओळ गाळली असती. आता मात्र आम्ही नियम वाचले होते. दारातून आत येत असलेल्या माणसाचे नाव सर्व्हर प्रथम कोरे ठेवतो. तो पूर्ण आत आला की मग नाव भरतो. आम्ही त्या कोऱ्या ओळीकडे पाहत थांबलो. सौ.ने आतून विचारले, “झोपायचे नाही का?” आम्ही म्हणालो, “एक मिनिट.”

थोड्या वेळाने ती ओळ भरली.